चौथा चौकोन

शरयू साठेचं अक्षर फार सुंदर होतं, आणि बावीस वर्षं तेच तिच्या आड येत होतं.

सांगलीत विश्रामबागेत राहणारी ही बाई. कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होती, गेल्या मे महिन्यात निवृत्त झाली. नवरा चिंतामण साखर कारखान्यात मोजमापाची यंत्रं सांभाळायचा, तोही आता घरीच. दोघांना मिळून एकच खूळ, हौशी रेडिओचं. आता हौशी रेडिओ म्हणजे काय ते आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्हाला वाटायचं की दोघं नवराबायको दुपारची गाणी ऐकत बसतात. तसं नव्हे. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, मग आपलं यंत्र, आपली अँटेना, आणि हवेतून जो ऐकेल त्याच्याशी बोलायचं. मोबाइल असताना ही उठाठेव कशाला, असं विचारणारे नातेवाईक घरोघरी असतात. शरयू त्यांना चहा द्यायची आणि विषय बदलायची.

परीक्षा दोघांनी एकाच दिवशी दिली होती. शरयूला दोन गुण जास्त पडले. चिंतामण हे कुणाला सांगत नसे आणि शरयू हे कुणाला विसरू देत नसे.

पण गुण एकीकडे आणि माईक एकीकडे. दर जानेवारीत दुसऱ्या रविवारी या हौशी मंडळींची स्पर्धा असते, सकाळी सहा ते दुपारी बारा. व्हीएचएफ म्हणतात त्या लहरींवरून जास्तीत जास्त लोकांशी, जास्तीत जास्त लांब बोलायचं. या लहरी नजरेसारख्या सरळ जातात, मध्ये डोंगर आला की खेळ खलास, म्हणून जो तो उंच जागा गाठतो. सांगलीची मंडळी दंडोबाच्या डोंगरावर चढतात. तिथे माईक चिंतामणच्या हातात आणि वही शरयूच्या. प्रत्येक बोलण्यात दोघं एकमेकांना एक क्रमांक सांगतात, आणि समोरच्याने सांगितलेला तो आकडा चुकीचा उतरला तर ते बोलणं रद्द होतं, म्हणून लिहिणारा तेवढाच महत्त्वाचा, असं चिंतामण दर वर्षी न चुकता म्हणायचा. "आणि तुझ्यासारखं अक्षर कुणाचंय, सांग बरं!" हेही वर असायचंच. माणूस वाईट नव्हता हो. घरात भाजी चिरायचा, बायकोला ताप आला तर रात्रभर उशाशी बसायचा. फक्त माईक दिसला की त्याला बाकीचं जग दिसेनासं व्हायचं.

गेल्या वर्षी सांगलीचा पहिला नंबर आला. प्रशस्तिपत्र आलं, त्यावर चिंतामणचं नाव ठसठशीत, आणि खाली बारीक टायपात 'लेखनसाहाय्य: सौ. साठे'. शरयूने ते एकदा वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. सौ. साठे! धड नावसुद्धा नाही. तिला रडू आलं नाही, राग आला. जेवायला वाढताना ती म्हणाली, "पुढच्या वेळी मी बोलणार."

"बोल की," चिंतामण आमटी ओरपत म्हणाला. "देईन तुला दहा मिनिटं. चहाच्या वेळेला."

चहाच्या वेळेला! शरयूच्या डोक्यात तिडीक गेली.

"तुमची दहा मिनिटं ठेवा तुमच्याजवळ. मी वेगळी उतरते, माझ्या परवान्यावर."

चिंतामणला गंमत वाटली. त्याने ताटातच बोटाने एक फुली काढली. या छंदात सगळ्या पृथ्वीवर उभ्याआडव्या रेघा मारून मोठमोठे चौकोन पाडलेत, आणि बोलताना आपण कुठल्या चौकोनात उभे आहोत ते सांगावं लागतं. असे चार चौकोन एकमेकांना चिकटतात तो एक ठिपका आपल्या शिराळा तालुक्यात, वारणेच्या खोऱ्यात पडतो. सांगलीच्या क्लबातल्या कुणी आजवर एका स्पर्धेत चारही चौकोनांतून बोलून दाखवलं नव्हतं. जागा खोलात, तिन्ही बाजूंना डोंगर, कोण जातंय मरायला तिथे?

"चारही चौकोनांत जा, प्रत्येकातून निदान एका माणसाशी बोल, बाराच्या आत," चिंतामण म्हणाला. "जमलं तर पुढच्या वर्षीपासून दंडोबावरचा माईक तुझा, वही माझी."

"आणि नाही जमलं तर?"

"तर बाईसाहेब परत वहीवर. आणि कुरकुर नाही."

"कबूल," शरयू म्हणाली आणि त्याच्या ताटात न मागता आणखी एक पोळी आपटली.

खरं सांगायचं तर तिला पहिला नंबर नको होता. परवान्यावर सरकार प्रत्येकाला एक हवेतलं नाव देतं, त्याला कॉलसाइन म्हणतात. ते स्वतःचं कॉलसाइन दंडोबावरून तिला स्वतःच्या तोंडाने म्हणायचं होतं, आणि तेही कुणी चहाला उठलं म्हणून नव्हे. बावीस वर्षांत तेवढंच राहून गेलं होतं.

आता सोबती हवा आणि गाडी हवी. तिने रेडिओवरूनच लालासाहेबांना गाठलं. लालासाहेब निकम, रहिमतपूरकडचे, फौजेत सिग्नलमध्ये हवालदार होते, आता ऊस आणि आलं लावतात. जुनी जीप आहे, आणि ती दुरुस्त करायला लागणारा स्वभावही आहे. साठे पतिपत्नींशी त्यांची दहा वर्षांची हवेतली दोस्ती. पैज ऐकून ते असे हसले की यंत्राचा स्पीकर खरखरला.

"वैनी, तुमी बोला, मी खांब धरतो. फौजेत वीस वर्सं त्येच केलंय. साहेब बोलायचा, आमी खांब धरायचा."

चिंतामणला कळलं तेव्हा तो म्हणाला, "लालासाहेब फितूर झाला." पण स्पर्धेआधीच्या दोन महिन्यांत शरयूने स्वयंपाकघराच्या फरशीवर टेप लावून, कांड्या कापून, माशाच्या काट्यासारखी दिसणारी, जिकडे तोंड करावं तिकडचंच नीट ऐकणारी एक अँटेना बनवली, तेव्हा तो ओट्याशी उभा राहून बघत असे. एकदा तर न राहवून म्हणाला, "तिसरी कांडी पाव इंच लांब झालीये." शरयूने मोजली. झालीच होती. तिने कापली आणि आभार मानले नाहीत.

स्पर्धेच्या दिवशी सहाच्या ठोक्याला दोघं शिराळ्याच्या वरच्या अंगाला एका टेकाडावर होते. थंडी मी म्हणत होती. लालासाहेबांनी फौजी टापटिपीने बांबू उभा केला, शरयूने कानाला हेडफोन लावला, गळ्यात वही अडकवली, माईकचं बटण दाबलं, आणि तिच्या तोंडातून शब्द फुटेना.

"बोला की वैनी! लाजताय काय? मुलगी बघाय आल्यात व्हय तुमाला?"

शरयूला फस्सकन हसू आलं, आणि हसता हसताच तिने पहिली हाक दिली. तिचं कॉलसाइन हवेत गेलं. क्षणभर नुसती खरखर, आणि मग पाचगणीच्या पठारावरून कुणीतरी खणखणीत आवाजात ते परत उच्चारलं. पाठोपाठ बेळगावचा एक, कोल्हापूरचे दोन, मग रांगच लागली. दंडोबावरून चिंतामणही आला. अगदी परक्यासारखा. त्याने आकडा दिला, तिने दिला, "थँक यू, गुड लक" म्हणून गेला. नियमाप्रमाणे तेच बरोबर, पण लालासाहेबांना ते फार लागलं. "आवं, निदान च्या झाला का तरी इचारायचं!"

दुसरा चौकोन वरच्या गावाच्या खिंडीत मिळाला, साडेआठला. तिथून नऊ जणांशी बोलणं झालं. तिसरा खाली खोऱ्यात, शेतात जाणाऱ्या गाडीवाटेवर. तिथे डोंगर आडवे येत होते, तरी तासाभरात सहा जण लागले. शरयूचा घसा बसला होता, बोटांना शाई लागली होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते बघून लालासाहेब मनाशीच मान डोलवत होते. घड्याळात अकराला दहा कमी. तीन चौकोन खिशात. राहिला एक.

हा चौथा अवघड, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्या चौकोनात गाडीने जायचं तर वारणा ओलांडून पल्याडच्या जिल्ह्यातून फिरून यावं लागतं, दीड तास मोडतो. पण त्याची कोपऱ्याची टीचभर जमीन अलीकडे येते, गाडीवाटेपासून चारशे पावलांवर, शेतांच्या मधोमध. नियम असा की बोलणारा, यंत्र आणि अँटेना, तिन्ही त्या चौकोनात पाहिजेत. म्हणून त्यांनी ठरवलं होतं, जीप सोडायची आणि सगळं सामान उचलून चालत जायचं.

आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. पुढे एक बाई, गळ्यात वही, मोबाइल हातभर लांब धरून त्यातल्या अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांकडे बघत एकेक पाऊल मोजून टाकतेय. थांबतेय, मागे येतेय, परत पुढे. मागे खाकी पँटीतला मिशाळ गडी, खांद्यावर बांबू, हातात दोरीचं वेटोळं. शिराळ्यातला काय, सातारा-सांगलीतला कुठलाही शेतकरी हे बघून एकच गोष्ट समजेल.

तोडणी झालेल्या उसाचं रान ओलांडून शरयू बांधावर आली. पलीकडे हरभरा होता. ती जपून दोन पावलं आत गेली, मोबाइलमधला आकडा पालटला, आणि ती ओरडली, "इथे! बरोब्बर इथेच! रोवा बांबू!"

"ओ बाई!" मागून आवाज आला. "मोजणी कुणी आणली?"

उसाच्या रानाचा मालक आकाराम हातात खोरं घेऊन धावत येत होता. तेवढ्यात हरभऱ्याच्या टोकाकडून त्याचा चुलतभाऊ सयाजी आला, तोही धावतच. या दोघांत या बांधावरून चार वर्षं वाद होता. दोन हात जमीन कुणी कुणाची खाल्ली, यावर दोन्ही घरं एकमेकांच्या लग्नाला जात नव्हती. सरकारी मोजणीची तारीख दोनदा लागून दोनदा पुढे गेली होती.

"व्हय रं सयाजी, रविवारी गुपचूप मोजणी आणतुस व्हय? आमी देवाला गेलो आसू आसं वाटलं काय तुला?"

"मी आणली? तुज्या रानातनं चालत आली ती लोकं, आन् मी आणली? तूच आणलीस, आन् वर खांब माज्या हरभऱ्यात रोवतुस!"

"अहो, आम्ही मोजणीवाले नाही," शरयू म्हणाली. "आम्ही रेडिओवाले. हौशी रेडिओ. इथून फक्त बोलायचंय."

"बोलाया बांदावर यायला लागतंय व्हय?" आकाराम म्हणाला. "ह्यो घ्या माजा मोबाइल. बोला कुणाशी बोलायचं त्ये."

माणूस चुकीचं बोलत नव्हता. आणि इथेच लालासाहेबांनी घोळ घातला. फौजेत कागद दाखवला की शंका मिटते, अशी त्यांची आयुष्यभराची समजूत. त्यांनी छाती काढून खिशातून वायरलेसचा परवाना काढला आणि दोघांच्या नाकासमोर धरला. "ह्ये बगा! भारत सरकार! सही-शिक्का! आमी सरकारी परवान्यावर आलोय!"

झालं. वर तीन सिंहांचा शिक्का बघून दोन्ही भावांची खात्रीच पटली.

"बगा, म्हनलं नव्हतं? दिल्लीची मोजणी आणलीया!" सयाजी ओरडला. आकारामने खोरं बांधावर आडवं टाकलं आणि त्यावर पाय देऊन उभा राहिला. "तलाठी आल्याबिगर हितं काडी रोवू देणार न्हाई."

"मीबी न्हाई," सयाजी म्हणाला. चार वर्षांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं ते हे असं.

शरयूने घड्याळ पाहिलं. अकरा वाजून चोवीस मिनिटं. तिने पृथ्वीवरच्या रेघा समजावल्या, चौकोन समजावले, वहीत आकृती काढून दाखवली. वहीत काढलेल्या त्या रेघा बघून तर आकाराम म्हणाला, "ह्यो नकाशाच की!" सगळं नीट झालं होतं हो! कांड्या नीट कापल्या होत्या, जागा नीट काढली होती, तीन चौकोन नीट पार पडले होते, आणि आता दोन पावलं हरभऱ्यात उभं राहून तिला चिंतामणचा चेहरा दिसत होता. तो चिडवणार नाही. तोच तर त्रास होता. तो समजुतीने म्हणेल, 'असू दे, प्रयत्न छान होता,' आणि वही पुढे करेल.

"काय कालवा लावलाय रं?" बांधावरून एक म्हातारी वैरणीचा भारा टाकून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. दोघांची ही थोरली चुलती, शालूबाई. भांडणात तिने कुणाचीच बाजू घेतली नव्हती, म्हणून दोन्ही घरांत तिला जेवायला मिळत होतं. दोघंही एकदम बोलायला लागले. तिने हाताने दोघांना गप्प केलं आणि शरयूकडे वळली. "तुजं काय हाय बाई? तू सांग. खरं त्ये सांग."

शरयूने एकदा चौकोनापासून सुरुवात केली, आणि मग तिचाच तिला कंटाळा आला.

"आजी, खरं सांगू? बावीस वर्षं रेडिओवर नवरा बोलतो आणि मी लिहिते. त्यांनी पैज लावलीय. आज बाराच्या आत इथे उभं राहून मी एका माणसाशी बोलले, तर पुढच्या वर्षीपासून मी बोलणार आणि ते लिहिणार. नाहीतर परत मीच लिहायचं."

शालूबाईने तिच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"येवढंच? मग ह्ये आदी सांगायचं न्हाई व्हय! रेगा आन् चौकोन काय सांगत बसलीस ह्यांस्नी?" ती पुतण्यांकडे फिरली. "बाईला बोलू द्या."

"काकी, बोलू दे की," सयाजी म्हणाला, "पर खांब रोवायचा न्हाई. आज खांब रोवला की उद्या त्योच हद्दीची खूण हुतोय. हा म्हणंल, बग, सरकारनं हितं खुंटी मारली."

"व्हय, आन् ह्यो दोन हात सरकवून म्हणंल, हितं नव्हं, तितं मारली."

"रोवायचा न्हाई," शालूबाई म्हणाली. "मी धरती हातात. हातातल्या बांबूची कसली आलीया हद्द?"

आणि खरोखरच तिने पदर खोचून बांबू हातात घेतला. पंधरा फुटी बांबू, वर अँटेना. वाऱ्याची झुळूक आली तशी म्हातारी बांबूसकट झुलायला लागली. लालासाहेब वर बघत, बांबूचं बूड फिरवून अँटेनेची दिशा धरत होते, त्यांचे हात अडकलेले. दोऱ्या कुणी धरायच्या? शालूबाईने हाक मारली नाही, नुसतं पाहिलं. आकारामने बांधाच्या आपल्या बाजूने एक दोरी धरली. सयाजीने आपल्या बाजूने दुसरी.

"तुज्याकडं ओढू नगंस!" आकाराम ओरडला आणि दोरी आपल्याकडे ओढली.

"तू का ओढतुस मग?" सयाजीने जोर लावून आपल्याकडे ओढली.

बांबू शिस्तीत उभा राहिला, अगदी ओळंब्यात. लालासाहेबांना आनंदाचं भरतं आलं. "झ्याक! असंच! दोगंबी ओढत ऱ्हावा, कुनी माघार घेऊ नगा! वैनी, हाणा हाक!"

अकरा त्रेचाळीस. शरयू हरभऱ्यात मांडी घालून बसली आणि हाक दिली. खरखर. परत दिली. खरखर. लालासाहेबांनी अँटेना उत्तरेला फिरवली, तिकडे डोंगर. दक्षिणेला फिरवली, कोल्हापूरचा कुणी तरी अर्धा शब्द बोलून विरून गेला. अकरा एकोणपन्नास. हे खोरं फक्त पूर्वेला उघडं, आणि पूर्वेला सत्तर-ऐंशी किलोमीटरवर दंडोबा. शरयूला ते ठाऊक होतं, पण शेवटच्या दहा मिनिटांत दंडोबाची अँटेना इकडे कशाला असेल? सगळे गुण पुण्याकडे आणि सोलापूरकडे. तिथलं गणित तिनेच तर बावीस वर्षं मांडलं होतं. या वेळेला चिंतामण उत्तरेला तोंड करून धडाधड नंबर गोळा करत असतो.

"पूर्वेला करा," ती तरीही म्हणाली.

हाक. खरखर. तिने डोळे मिटले. हाक. खरखर. शालूबाईने बांबूवरची पकड बदलून परत घट्ट केली. अकरा चोपन्न. शरयूचा घसा पार गेला होता. बसक्या आवाजात तिने आणखी एकदा आपलं कॉलसाइन म्हटलं, एकेक अक्षर सुटं करून.

आणि खरखरीच्या तळातून, बारीक, पण अगदी ओळखीचा आवाज आला. तिचं कॉलसाइन, पूर्ण, एकही अक्षर न चुकवता. मग, "आकडा दे. आकडा दे लवकर."

शरयूने आकडा दिला. चौकोन सांगितला. तिकडून त्याने आपला दिला, तिने वहीत उतरवला, इतक्या घाईत की ते तिचं अक्षर वाटेना. "परत सांग," तो म्हणाला. तिने परत सांगितला. परत खरखर. तिला वाटलं गेलं, सगळं गेलं.

"लिहिलं," चिंतामण म्हणाला.

शरयूला तो शब्द त्याच्या तोंडून ऐकताना कसंसंच झालं. तो तिचा शब्द होता. बावीस वर्षं दंडोबावर माईकच्या शेजारी बसून प्रत्येक आकड्यानंतर तीच तो म्हणत आली होती.

"कोण लिहितंय तिकडे?" नियम बाजूला ठेवून तिने विचारलं.

"मीच. तुझ्या जागेवर दुसऱ्या कुणाला बसवावंसं वाटेना." आवाज विरला, परत आला. "अकरा वाजल्यापासून अँटेना तुझ्याकडे लावून बसलोय. इथली मंडळी माझ्या नावाने बोटं मोडतायत."

"अहो, मग तुमचा नंबर?"

"गेला खड्ड्यात नंबर. पंचावन्न होत आले, मी सारखा घड्याळच बघत होतो. कुठे होतीस इतका वेळ?"

"बांधावर," शरयू म्हणाली. "घरी आल्यावर सांगते."

लालासाहेबांनी खाड्कन सलाम ठोकला, कुणाला ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं. आकाराम आणि सयाजी दोऱ्या ताणून तसेच उभे होते, सोडायला कुणीच पहिला तयार नव्हता. शरयूने हेडफोन काढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, आणि दोन्ही पुसायला हाताशी फक्त पदर होता.

"कोण हुता गं त्यो?" शालूबाईने बांबूला टेकून विचारलं.

"माझा नवरा."

"नवरा?" म्हातारी चाटच पडली. "आगं मग त्याच्याशी बोलाया हितवर यायचं? घरात बोलत न्हाईसा व्हय दोगं?"

"बोलतो की आजी. पण मी बोललेलं त्यांनी आज पहिल्यांदा लिहून घेतलं."

शालूबाईने मान हलवली.

"लय बरं झालं," ती म्हणाली. "आता सोडू का ह्यो बांबू? हात भरून आल्यात."